बोलू द्या, खेळू द्या : मैदानाने शिकवलेल्या दहा गोष्टी

खडकीत वाढलेल्या मुलीला हॉकीची ओळख करून द्यावी लागत नाही. दारूगोळा कारखान्याची वसाहत, लष्कराची मैदानं आणि धनराज पिल्ले इथूनच वर गेला ही घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट. मी इथेच खेळले, जिल्ह्याच्या संघात होते, पुढे पंच म्हणून उभी राहिले आणि आता शाळकरी मुलींना शिकवते. राजकारणावर बोलण्याची सवयही इथलीच. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाबरोबर निवडणुकीची चर्चा असायचीच. ती चर्चा आता मोबाइलवर गेली आहे आणि मीही तिथे माझ्या नावाने लिहिते.

हॉकी, राजकारण आणि समाजमाध्यमं हे तीन वेगळे विषय आहेत असं मला आता वाटत नाही. तिन्हीकडे प्रश्न एकच आहे : ज्याच्या हातात अधिकार आहे, त्याच्यापुढे साध्या माणसाला बोलता येतं का? या प्रश्नाने मला जे शिकवलं, ते इथे लिहिते आहे.

१. 'खेळात राजकारण नको' हे कोणाला सांगितलं जातं ते पाहा

स्पर्धेच्या फलकावर खेळाडूंपेक्षा नेत्यांचे फोटो मोठे असतात, तेव्हा हे वाक्य ऐकू येत नाही. क्रीडा संघटनेच्या निवडणुकीत पक्षांची माणसं उतरतात तेव्हाही नाही. खेळाडूने निवडीबद्दल, मानधनाबद्दल किंवा देशातल्या एखाद्या प्रश्नाबद्दल तोंड उघडलं, की मात्र त्याला लगेच गप्प खेळायला सांगतात.

खरं तर भारतीय हॉकी पहिल्यापासून राजकारणाच्या शेजारीच वाढली. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला गेलेल्या संघाचे कर्णधार जयपालसिंह मुंडा पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज बनले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये अंतिम सामन्याआधी ध्यानचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केलं. अधिकृतपणे ते ब्रिटिश हिंदुस्थानचा संघ होते. १५ ऑगस्टला त्यांनी जर्मनीला ८-१ असं हरवलं. १९४८ मध्ये लंडनला, ज्याचं राज्य वर्षभरापूर्वीच संपलं होतं त्याच ब्रिटनला अंतिम सामन्यात ४-० हरवून भारताने सुवर्णपदक घेतलं, तेव्हा ते फक्त खेळाचं पदक आहे असं कोणीच म्हणालं नाही.

परगट सिंग पंजाबात मंत्री झाले, दिलीप तिर्की राज्यसभेत गेले. त्यात गैर काहीच नाही. निवृत्तीनंतर आमदार-खासदार होण्याइतकी समज ज्याला असते, त्याला खेळत असतानाही मत असणारच. ते मांडायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. बाहेरच्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवू नये.

२. हक्काचे पैसे मागणं म्हणजे बंडखोरी नव्हे

जानेवारी २०१० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत भारतीय संघाचं शिबिर चालू होतं. दिल्लीतला विश्वचषक तोंडावर आला होता. थकलेले पैसे मिळाल्याशिवाय सराव करणार नाही, असं सांगून राजपाल सिंगच्या संघाने स्टिक खाली ठेवल्या. कारवाईचे इशारे दिले गेले. देश मोठा की पैसा मोठा, असंही विचारलं गेलं. काही दिवसांत तोडगा निघाला आणि सराव सुरू झाला. विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात याच संघाने पाकिस्तानला ४-१ हरवलं. देशावरचं प्रेम आणि हक्काचे पैसे या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने राहू शकतात, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. पुढे स्पर्धेत आपण आठवे आलो. त्या अपयशाचं खापर पैसे मागण्यावर फोडणाऱ्यांना मी आजही विचारते : पैसे वेळेवर दिले असते, तर शिबिराचे ते दिवस वाया गेले असते का?

खडकीकरांना याआधीची गोष्टही ठाऊक आहे. १९९८ मध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं, तेही बत्तीस वर्षांनी. त्यानंतर कर्णधारासह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. कारण विश्रांतीचं सांगितलं गेलं. खेळाडूंनी मानधनाविषयी स्पष्ट बोलल्याचा हा परिणाम आहे, असं आमच्याकडे बहुतेकांचं मत होतं आणि माझंही तेच आहे.

१९७५ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध बरोबरीचा गोल करणारे अस्लम शेर खान हॉकी इंडिया या राष्ट्रीय संघटनेच्या कारभाराविरुद्ध न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हॉकी इंडियातली तहहयात पदं बेकायदा ठरवली आणि कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला. एका जुन्या खेळाडूने कागद हातात घेऊन विचारलेल्या प्रश्नाची ही ताकद आहे. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात क्रीडा महासंघांच्या कारभारात खेळाडूंना जागा दिली आहे आणि वाद सोडवायला लवादाची सोय केली आहे. या जागा शोभेच्या राहणार की कामाच्या होणार, हे तिथे बसणारे खेळाडू किती मोकळेपणाने बोलू शकतात यावर ठरेल.

३. पोट मोकळं असेल तरच तोंड मोकळं राहतं

माझे बाबा सरकारी कारखान्यात होते. घरात ते राजकारणावर तासन्‌तास बोलत, पण वसाहतीच्या फाटकाबाहेर एक शब्द काढत नसत, कारण नोकरीचे नियम तसे होते. हॉकीपटूंचं आयुष्यही बहुतेक असंच गेलं आहे. रेल्वे, इंडियन ऑइल, एअर इंडिया, पंजाब पोलीस, सेनादलं यांच्या नोकऱ्यांनी आपली हॉकी जगवली. या संस्थांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण संघनिवड एका साहेबाच्या हातात आणि पगार दुसऱ्या साहेबाच्या हातात असला, की खेळाडू बोलणार कुठे?

म्हणून मला व्यावसायिक लीग हवी वाटते. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. तिच्यात आपला मराठा वॉरियर्स होता आणि धनराज त्या संघातून खेळला. ती बंद पडली. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली, तिच्यात पुणे स्ट्रायकर्स होता. तीही टिकली नाही. २०१३ ते २०१७ हॉकी इंडिया लीग चालली. शेवटच्या वर्षी दबंग मुंबई अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि कलिंगा लान्सर्सकडून हरली. मग सगळं थांबलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये लीग पुन्हा सुरू झाली. हरमनप्रीत सिंगला लिलावात ७८ लाखांची बोली लागली. पहिल्यांदाच महिलांची लीग झाली आणि उदिताला ३२ लाख मिळाले. क्रिकेटच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत. पण नोकरीच्या पगारावर घर चालवणाऱ्या खेळाडूला हे पैसे स्वतःच्या पायावर उभं करतात. खात्यात स्वतःच्या कमाईचे चार पैसे असले की माणूस नाही म्हणू शकतो.

या नव्या लीगमधल्या आठ पुरुष संघांत आणि चार महिला संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. धनराजच्या राज्यात, एवढे उद्योग असलेल्या पुणे-मुंबईत एका हॉकी संघाला मालक मिळू नये, याचं मला खरंच दुःख आहे. ओडिशाने २०१८ पासून राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं आणि राउरकेला-भुवनेश्वरला उत्तम मैदानं उभी केली. महाराष्ट्राची ऐपत ओडिशाहून कमी नाही. कमी आहे ती इच्छा, आणि ही गोष्ट मी निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

४. राग खरा असला तरी निर्णय गर्दीने घेऊ नये

जानेवारी २०१३ मध्ये पहिल्या हॉकी इंडिया लीगसाठी नऊ पाकिस्तानी खेळाडू आले होते. त्याच सुमारास नियंत्रण रेषेवर आपल्या जवानांची निर्घृण हत्या झाली. मुंबईत महिंद्रा स्टेडियमवर शिवसैनिकांनी आंदोलन केलं. शेवटी सगळ्या नऊ खेळाडूंना न खेळता परत जावं लागलं.

लष्करी वस्तीशेजारी वाढलेल्या मला तो राग समजतो. आमच्या मैदानावर खेळणाऱ्या कितीतरी मुलांचे वडील सीमेवर असतात. पण कोणत्या देशाशी खेळायचं हे स्टेडियमच्या दारात किती लोक जमले यावर ठरू नये. ते सरकारने ठरवावं, लेखी ठरवावं आणि त्याची जबाबदारी घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा मंत्रालयाने तसं केलं : पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, बहुराष्ट्रीय स्पर्धांत मात्र खेळायचं. हे धोरण कोणाला पटेल, कोणाला नाही. पण ते कागदावर आहे, त्यावर वाद घालता येतो आणि मतपेटीतून जाबही विचारता येतो. पाकिस्तान राजगीरच्या आशिया चषकाला आला नाही, हा त्यांचा निर्णय. आपण तिथे कोरियाला ४-१ हरवून विश्वचषकाची जागा मिळवली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मलेशियात सुलतान जोहोर चषकात भारत-पाकिस्तानची कोवळी पोरं समोरासमोर आली. त्यांनी एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या आणि सामना ३-३ बरोबरीत सोडवला. काही आठवड्यांपूर्वीच क्रिकेटच्या मैदानात हस्तांदोलन झालं नव्हतं. ते न करण्याचा हक्क क्रिकेटपटूंना होता, आणि टाळी देण्याचा हक्क या मुलांनाही होता. दोघांपैकी कोणालाही देशद्रोही म्हणू नये, एवढीच माझी मागणी आहे.

५. जिंकली तर देशाची लेक आणि हरली की जात, हे चालू द्यायचं नाही

वंदना कटारियाचं नाव मी माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला सांगते. टोकियोत तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. काही दिवसांनी उपांत्य सामन्यात संघ अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावी घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाच केला, जातीवरून शिव्या दिल्या. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. दोनच दिवसांनी, ६ ऑगस्ट २०२१ ला, ब्रिटनविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात वंदनाने पुन्हा गोल केला. पुढे २०२५ मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ३२० आंतरराष्ट्रीय सामने होते.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेतली की मला लोक विचारतात, मग या शिव्यांनाही मोकळीक द्यायची का? माझं उत्तर स्पष्ट आहे. "तिने सोपी संधी घालवली" ही टीका आहे, ती कितीही बोचली तरी खेळाडूने ऐकून घ्यावी. "या जातीच्यांना संघात घेतलं म्हणून हरलो" हे मत नव्हे. ते एका माणसाला माणूस म्हणून नाकारणं आहे, आणि घरासमोर जमून ते करणं ही दहशत आहे. कायद्याने तिथे यायलाच हवं.

माझ्याकडच्या मुली सरावाच्या चित्रफिती टाकतात. खाली त्यांच्या कपड्यांवर, रंगावर, आडनावावर घाणेरडं लिहिणारे येतात. "ताई, अकाउंटच बंद करते," असं एक मुलगी रडत म्हणाली, तेव्हा मी तिला जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. आधी पुराव्यासाठी स्क्रीनशॉट घे. घरच्यांना आणि मला दाखव. तक्रार कर, धमकी असेल तर सायबर पोलिसांकडे चल, मी बरोबर येते. आणि तुझी चित्रफीत तिथेच राहू दे. तू निघून गेलीस तर जागा त्यांची होते.

६. मोघम नियम सगळ्यांत धोक्याचा

पंच म्हणून उभं राहिलं की पहिली गोष्ट कळते : चेंडू पायाला लागला तर काय, स्टिक धोकादायक उचलली तर काय, हे आधीपासून लिहिलेलं असतं. पंचाला खेळाडू आवडतो की नाही, याला तिथे जागा नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये नेमकं हेच नव्हतं. अतिशय आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोयीचं असं काही ऑनलाइन पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कोणाला झाला, किती झाला, ते ठरवायचं पोलिसांनी. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने तो लाइक केला आणि दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. लाइक केल्याबद्दल अटक होऊ शकते हे तेव्हा महाराष्ट्राला कळलं.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६-अ रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि हिंसेला चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याचा हात फक्त तिसरीपर्यंत पोचतो, हा त्या निकालाचा गाभा. मला तो निकाल पाठ करून ठेवावासा वाटतो.

तरीही देशभर पोलीस ठाण्यांमधून त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का व्यक्त केला आणि २०२२ मध्ये असा एकही खटला चालवू नये म्हणून आदेश द्यावा लागला. निकाल दिल्लीत लागतो, पण हक्क पोचायचा असतो तो ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत.

७. शिक्षा चुकीएवढीच हवी

हॉकीत हिरवं कार्ड दाखवलं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो. पिवळं दाखवलं तर किमान पाच मिनिटं. लाल म्हणजे सामना संपला. तीन रंग ठेवले आहेत, कारण सगळ्या चुका सारख्या नसतात. प्रत्येक फाउलला लाल कार्ड काढणाऱ्या पंचाला दुसऱ्या दिवशी कोणी शिट्टी हातात देणार नाही.

समाजमाध्यमांवरच्या लिखाणाबाबत मात्र आपल्याकडे पोलिसांच्या खिशात बहुतेक वेळा लालच कार्ड असतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरविषयीची एक पोस्ट पुढे पाठवल्याबद्दल पुण्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला अटक झाली. तिने पोस्ट काढून टाकली होती, माफीही मागितली होती. तरी महाविद्यालयाने तिला काढून टाकलं आणि तिची रवानगी तुरुंगात झाली. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला कडक शब्दांत सुनावून तिची तातडीने सुटका केली आणि परीक्षेला बसण्याची वाट मोकळी केली. तिची पोस्ट मला पटली नसती. पण न पटणाऱ्या पोस्टचं उत्तर कोठडी हे असू शकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिच्याच वयाच्या मुली मी रोज मैदानावर बघते. या वयात माणूस मत बनवतो, बदलतो, पुन्हा बनवतो. मत बनवायला मैदान लागतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बोलण्या-लिहिण्यावरून दाखल होणाऱ्या, तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत थेट गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आहे, ती वापरावी. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने जोखावा, पदोपदी असुरक्षित वाटणाऱ्याच्या नाही. पुण्यातली अटक या निकालानंतर दोन महिन्यांच्या आत झाली. म्हणून मी म्हणते, अशा अटकेत अधिकाऱ्याकडूनही खुलासा मागितला जायला हवा.

८. जो खेळतो त्याच्या हातात शिट्टी नको

केंद्र सरकारने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून एक सत्यशोधन कक्ष आणायचं ठरवलं. सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी, हे सरकारचाच कक्ष ठरवणार. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. दोन न्यायाधीशांची मतं जुळली नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायाधीश अतुल चांदुरकर यांनी तो बदल घटनाबाह्य ठरवला. मला यात मैदानावरचा साधा न्याय दिसतो. सामना दोन संघांत असतो आणि पंच तिसरा असतो.

पंचही चुकतो. म्हणून आंतरराष्ट्रीय हॉकीत रेफरल आहे. संघ व्हिडिओ पंचाकडे दाद मागू शकतो. त्याचं म्हणणं खरं ठरलं तर रेफरल शिल्लक राहतं, चुकीचं ठरलं तर जातं. फुकटची तक्रार करणाऱ्यालाही आळा आणि खऱ्या तक्रारीलाही न्याय. आपली पोस्ट काढली गेली किंवा खातं बंद झालं तर अशी दाद कुठे मागायची? कलम ६९-अ खालचे आदेश गोपनीय असतात, आणि कंपन्या तर अनेकदा कारणही सांगत नाहीत. कोणत्या वाक्यासाठी, कोणत्या नियमाखाली आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे लिहिणाऱ्याला कळलंच पाहिजे. न कळता बसलेल्या शिक्षेविरुद्ध दाद मागता येत नाही.

९. न पटणाऱ्याचा हक्क ही खरी परीक्षा

कलम ६६-अ आणलं काँग्रेसप्रणीत सरकारने. पालघर घडलं तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला मुंबईत अटक झाली तीही त्याच वर्षी. एक व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल कोलकात्यात प्राध्यापकाला अटक झाली ती तृणमूलच्या राज्यात. २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या काळात असंच व्यंगचित्र पाठवणाऱ्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याला कांदिवलीत शिवसैनिकांनी मारहाण केली. २०२२ मध्ये शरद पवारांविषयीच्या पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळे महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिली. मार्च २०२५ मध्ये कामराने एकनाथ शिंदे यांच्यावर टीका केली म्हणून खारमधल्या स्टुडिओची तोडफोड झाली. मुंबईत, कोलकात्यात, दिल्लीत खुर्चीवर कोणीही असो, टीका करणाऱ्याला धडा शिकवण्याची घाई सारखीच.

यातली काही वाक्यं मला अजिबात आवडली नाहीत. केतकीने शेअर केलेला मजकूर मला हीन वाटला आणि मी तसं लिहिलंही. तरी तिला कोठडीत ठेवण्याला माझा विरोध होता. तेव्हा आमच्या ओळखीचे लोक म्हणाले, तू त्यांच्या बाजूची झालीस का? पुढे कामराच्या वेळी विरोध केला तर दुसरे म्हणाले, तू यांच्या बाजूची झालीस का? मी दोन्ही वेळा एकाच ठिकाणी उभी होते. आपल्या आवडत्या माणसाच्या बोलण्याचं रक्षण करायला तत्त्व लागत नाही. ज्याचं बोलणं टोचतं त्याच्या वेळी ते लागतं.

१०. मी पाळते ते नियम

हे छोटे आहेत, पण यांच्यामुळे माझी कितीतरी नाती टिकली. मी माझ्या नावाने लिहिते. बातमी कुठून आली हे माहीत नसेल तर पुढे पाठवत नाही. धोरणावर, निर्णयावर, खेळावर बोलते, माणसाच्या जातीवर, धर्मावर, घरच्या बाईवर कधीही नाही. वाद तापला की फोन करते, कारण समोरच्याचा आवाज ऐकला की निम्मा राग उतरतो. कोणाला अटक करा म्हणून ओरडणाऱ्या जमावात मी उतरत नाही, तो जमाव माझ्या पक्षाचा असला तरी. आणि प्रत्येक निवडणुकीत मत देते, कारण बोलणं कृतीत उतरायची ती जागा आहे.

तुम्हालाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखाद्या पोस्टवरून, एखाद्या खेळाडूच्या वक्तव्यावरून गदारोळ होईल तेव्हा बाजू घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. नियम आधीपासून स्पष्ट लिहिलेला होता का? शिक्षा चुकीएवढी आहे का? आणि त्याला दाद मागायला जागा आहे का? यातल्या एकाचंही उत्तर नाही असेल, तर तो माणूस कोणत्या पक्षाचा, जातीचा किंवा संघाचा आहे हे न बघता त्याच्या बाजूने बोला. आमदाराला पत्र लिहा, क्रीडा संघटनेला जाब विचारा, शेजाऱ्याशी वाद घाला. आज त्याच्यासाठी काढलेला आवाजच उद्या तुमच्या मुलीच्या कामी येणार आहे.